उन्हाळ्यात क्लबच्या रस्त्यावरील शर्यती कशा भरवाव्यात

धावणाऱ्यांच्या एखाद्या स्थानिक क्लबने मार्च ते मे या काळात दर पंधरा दिवसांनी एक छोटी शर्यत घ्यायचे ठरवले, की पहिल्याच बैठकीत पदके, टी-शर्ट आणि प्रायोजक यांवर बोलणे सुरू होते. ते विषय थोडे मागे ठेवावेत आणि कागदावर आधी एकच वेळ लिहावी: सर्वांत शेवटी येणारा धावपटू किती वाजता रस्त्यावरून बाहेर आलेला असला पाहिजे. पश्चिम महाराष्ट्रातील आमच्या भागात मी ही वेळ सकाळी साडेसात धरतो. दहा किलोमीटर चाळीस मिनिटांत पळणाऱ्याला ऊन फारसे लागतच नाही. तो घरी जाऊन चहा पीत असतो तेव्हा नव्याने धावायला लागलेला, साठी ओलांडलेला किंवा वजन कमी करण्यासाठी आलेला माणूस अजून रस्त्यावर असतो, आणि ज्याला उन्हाची सवय सर्वांत कमी त्याच्याच वाट्याला सर्वांत जास्त ऊन येते. म्हणून मार्ग, अंतर, पाणी, स्वयंसेवक यांचा सगळा हिशेब त्या शेवटच्या माणसाच्या वेळेपासून मागे मागे करत यावा.

किलोमीटरला नऊ मिनिटे या गतीने दहा किलोमीटरला दीड तास लागतो, म्हणजे साडेसातला रस्ता मोकळा व्हायचा असेल तर सहाला शर्यत सुटली पाहिजे. मेच्या मध्यावर पुण्या-कोल्हापुरात सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि त्याआधी साधारण वीस मिनिटे रस्ता दिसण्याइतका उजेड असतो. नागपुरात सूर्योदय जवळजवळ पंचवीस मिनिटे आधी होतो, त्यामुळे तिथल्या क्लबला साडेपाचला शर्यत सोडता येते आणि त्याने ती सोडावीच, कारण विदर्भात ऊनही लवकर तापते. याच हिशेबाने अर्धमॅरेथॉन, म्हणजे २१.०९७५ किलोमीटर, एप्रिल-मेच्या मालिकेत ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तीन तास घेणारा धावपटू नऊ वाजेपर्यंत उन्हात राहतो आणि तेवढा वेळ सांभाळण्याइतकी माणसे छोट्या क्लबकडे नसतात. ज्यांना लांब पळायचे आहे त्यांनी पावसाळा सुरू होण्याची वाट पाहावी.

वेळ ठरवताना एक कायदेशीर बाब ध्यानात ठेवावी. ध्वनिप्रदूषणासंबंधीच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. साडेपाचची शर्यत असेल तर सूचना तोंडी द्याव्यात, शर्यत झेंडा खाली करून किंवा शिट्टीने सोडावी, आणि सूचनांचा कागद आदल्या दिवशीच सर्वांना पाठवावा. शांतपणे सुटलेली शर्यत शेजारपाजारच्या लोकांनाही बरी वाटते, आणि पुढच्या वर्षी त्याच रस्त्यावर यायचे असेल तर त्यांचे मत फार मोलाचे असते.

आता उष्णतेबद्दल थोडे सविस्तर. मोबाइलवर दिसणारा तापमानाचा एक आकडा शर्यतीच्या निर्णयाला पुरत नाही, कारण घाम किती वाळतो हे हवेतल्या आर्द्रतेवर आणि डोक्यावरच्या उन्हावरही अवलंबून असते. या तिन्हींचा मिळून जो निर्देशांक काढतात त्याला वेट बल्ब ग्लोब टेंपरेचर म्हणतात: ओले फडके गुंडाळलेल्या तापमापकाचा आकडा सत्तर टक्के, काळ्या गोळ्यातील तापमापकाचा वीस टक्के आणि साध्या तापमापकाचा दहा टक्के धरून बेरीज करायची. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने लांब पल्ल्याच्या शर्यतींसाठी दिलेल्या मार्गदर्शनात हा निर्देशांक २३ ते २८ अंशांत असला तर धोका मोठा मानला आहे, आणि २८ च्या वर गेल्यास शर्यत रद्द करावी किंवा पुढे ढकलावी असे म्हटले आहे. हातात धरण्याचे यंत्र बाजारात मिळते. ते परवडत नसेल तर ओल्या-कोरड्या तापमापकांची जोडी एखाद्या शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या भूगोल विभागाकडून मागून आणावी. सूर्य उगवण्याआधी काळ्या गोळ्याचे तापमान हवेइतकेच धरले तरी चालते, म्हणून पहाटेचा अंदाज दोन तापमापकांवरही काढता येतो.

हे गणित एकदा करून पाहिले की प्रदेशाप्रदेशातला फरक डोळ्यांसमोर उभा राहतो. कोकण किनाऱ्यावर पहाटे हवा २७ अंश आणि ओला तापमापक साडेपंचवीस दाखवत असेल, तर ऊन पडण्याआधीच निर्देशांक २६ होतो. नागपूरकडे त्याच वेळी हवा ३० अंश असली, तरी ओला तापमापक १९ वर असेल तर निर्देशांक २२ च्या थोडा वर राहतो. म्हणजे रत्नागिरीतल्या क्लबने केवळ ‘सकाळी गार वाटते’ एवढ्यावर विसंबू नये. विदर्भातला धोका वेगळा आहे: तिथे घाम आल्याआल्या वाळतो, त्यामुळे शरीरातले किती पाणी गेले हे धावणाऱ्याला समजतच नाही.

हा निर्देशांक कोणी, किती वाजता मोजायचा आणि किती आला तर काय करायचे हे प्रवेशअर्जावरच छापावे. आम्ही सुटण्याच्या अर्धा तास आधी मोजतो. २३ पर्यंत शर्यत ठरल्याप्रमाणे होते, २३ ते २८ मध्ये दहाचे अंतर पाचवर आणून वेळ नोंदवणे बंद ठेवतो आणि त्यापुढे सर्वांना पाणी देऊन घरी पाठवतो. निर्णयाचा अधिकार एकाच व्यक्तीकडे असावा आणि त्या व्यक्तीने स्वतः त्या दिवशी धावू नये. आमच्या पहिल्या वर्षी असा नियम नव्हता, पाच जणांची चर्चा पहाटे वीस मिनिटे चालली आणि तेवढ्या उशिराने सुटलेल्या शर्यतीत शेवटचे तिघे आठ वाजून गेल्यावर परतले. त्यांतले एक काका मैलाच्या दगडावर बसून राहिले होते. त्यांना काही झाले नाही, पण तो प्रसंग मी विसरलेलो नाही.

मालिकेतील अंतरेही उष्णतेच्या सवयीप्रमाणे वाढवत न्यावीत. उन्हात नियमित सराव केल्यावर शरीराला जुळवून घ्यायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटतो आणि त्यातून मीठ कमी जाते. म्हणून मार्चअखेरीस तीन किलोमीटर, मग दोनदा पाच आणि त्यानंतर आठ किंवा दहा, असा क्रम योग्य. गुणतालिका ठेवायची असेल तर पाचपैकी उत्तम तीन शर्यतींचे गुण धरावेत. सर्व शर्यतींच्या हजेरीला गुण दिले, की ताप किंवा जुलाब असतानाही माणसे गुण जाऊ नयेत म्हणून उभी राहतात, आणि आजारातून नुकताच उठलेला धावपटू उष्माघाताला लवकर बळी पडतो.

मार्गासाठी मी नेहमी अडीच किलोमीटरची फेरी सुचवतो. दहा किलोमीटरला चार फेऱ्या होतात, पाण्याचे एकच टेबल वाटेत तीनदा लागते, रुग्णवाहिका कोणापासूनही लांब नसते आणि ज्याला थांबायचे आहे तो सुटण्याच्या जागी येऊन सहज थांबू शकतो. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, म्हणून फेरी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, फक्त डावी वळणे घेत आखावी. मग धावणाऱ्यांना मुख्य रहदारी कुठेही ओलांडावी लागत नाही. जुन्या रस्त्यांच्या कडेची वडा-चिंचेची झाडे पूर्वेच्या बाजूला असतील तर सात वाजताही सावली मिळते. सरळ पूर्वेकडे जाणारा लांब रस्ता मात्र टाळावा: सकाळचे तिरके ऊन थेट वाहनचालकांच्या डोळ्यांत जाते आणि त्यांना समोरचा माणूस दिसत नाही. गतिरोधक आणि खड्डे आदल्या संध्याकाळी फक्कीने ठळक आखून ठेवावेत. भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या पहाटे कुठे बसतात हे त्याच गल्लीतल्या दूधवाल्याला विचारावे आणि तिथे एक स्वयंसेवक उभा करावा.

अंतर मोजण्यासाठी मनगटावरच्या जीपीएस घड्याळावर विसंबू नये. झाडी आणि उंच इमारतींमध्ये ते चुकते. पक्की पद्धत सायकलची आहे. आधी सरळ रस्त्यावर पोलादी टेपने किमान तीनशे मीटर मोजून तेवढ्या अंतरात पुढच्या चाकाचे किती फेरे होतात हे चार वेळा काढायचे, मग कडेपासून तीस सेंटिमीटर अंतर ठेवून धावपटू घेईल त्या सर्वांत जवळच्या वाटेने संपूर्ण फेरी मोजायची, आणि शेवटी तीनशे मीटरची चाचणी पुन्हा करायची. उन्हाळ्यात ही दुसरी चाचणी टाळू नये, कारण रस्ता तापला की टायरमधली हवा प्रसरण पावते आणि चाकाचा घेर बदलतो. मार्ग चुकून कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर जास्त धरण्याची जगभर रीत आहे, म्हणजे दहा किलोमीटरला दहा मीटर.

परवानग्यांचे काम कंटाळवाणे आहे, पण अवघड नाही. स्थानिक पोलीस ठाणे, वाहतूक शाखा आणि नगरपालिका किंवा महापालिका या तिन्ही ठिकाणी मार्गाचा नकाशा, वेळ, धावपटूंची अंदाजे संख्या आणि जबाबदार व्यक्तीचे नाव यांसह अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि शर्यतीच्या दिवशी त्या प्रती खिशात ठेवाव्यात. सगळ्या मालिकेचा एकच अर्ज दिल्यास पुढचे हेलपाटे वाचतात. रविवारचा आठवडी बाजार किंवा मार्गावरील देवस्थानाची यात्रा त्याच दिवशी येते का, हे अर्जाआधीच पाहावे.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. एकशे वीस धावपटू, टेबलापाशी तीन वेळा प्रत्येकी दोनशे मिलिलिटर, आणि शेवटी अर्धा लिटर धरल्यास एकशे बत्तीस लिटर होतात, म्हणजे वीस लिटरचे सात जार. याखेरीज डोक्यावर आणि मानेवर घेण्यासाठी साध्या पाण्याच्या बादल्या आणि स्पंज वेगळे ठेवावेत. महाराष्ट्रात २०१८ पासून एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या पेल्यांवर बंदी आहे; क्लबने स्टीलचे पेले एकदाच घ्यावेत आणि धुण्यासाठी दोन माणसे नेमावीत. शर्यत संपल्यावर मीठ-साखर घातलेले लिंबूसरबत किंवा कोकमसरबत उत्तम. ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण पाळावे. तहान नसताना लिटरभर पाणी पिऊन उभे राहण्याची सवय मात्र मोडून काढावी; अति पाण्याने रक्तातील सोडियम उतरते आणि तेही जिवावर बेतते.

उष्माघात लांब शर्यतीतच होतो, हा समज धोकादायक आहे. शरीरात तयार होणारी उष्णता वेगाबरोबर वाढते, म्हणून पाच-दहा किलोमीटर जीव तोडून पळणारा तरुण यात सापडतो. अमेरिकेतील फॅल्मथ येथे ऑगस्टमध्ये होणारी शर्यत जेमतेम ११.३ किलोमीटरची आहे. १९७८ साली तिथे अमेरिकी धावपटू अल्बर्टो सालाझार शर्यत संपताना कोसळला तेव्हा त्याच्या शरीराचे तापमान ४२ अंशांच्या आसपास गेले होते. त्याला बर्फाच्या पाण्यात ठेवले गेले, तो वाचला आणि १९८० साली त्याने न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली.

त्या बर्फाच्या पाण्याची तयारी छोट्या क्लबलाही करता येते. शेवटच्या रेषेजवळ सावलीत एक जाड ताडपत्री, पाण्याची दोन पिंपे आणि फोडून ठेवलेल्या बर्फाच्या दोन लाद्या असाव्यात. धावपटू झोकांड्या खाऊ लागला, असंबद्ध बोलू लागला, विनाकारण चिडला किंवा स्वतःचे नाव सांगेना, तर तो घामाने भिजलेला असला तरी उष्माघातच समजावे. त्वचा कोरडी पडण्याची वाट पाहू नये. त्याला ताडपत्रीवर झोपवून सहा जणांनी कडा वर धराव्यात, बर्फाचे पाणी आत ओतून हलवत राहावे आणि डोके पाण्याबाहेर धरायला एकाने फक्त तेवढेच करावे. १०८ ला फोन त्याच क्षणी लावावा, पण आधी थंड करणे आणि मग हलवणे हा क्रम सोडू नये, कारण पहिल्या अर्ध्या तासात तापमान उतरले तर माणूस वाचण्याची शक्यता फार मोठी असते. कपाळावर धरायचा तापमापक इथे फसवतो. खरे तापमान गुदद्वारातूनच कळते आणि ते मोजण्यासाठी डॉक्टर हजर असावा. ताडपत्रीचा सराव मालिकेआधी एखाद्या सभासदाला झोपवून एकदा जरूर करावा.

वेळ नोंदवायला धावपटूच्या अंगावर लावायच्या इलेक्ट्रॉनिक चिपची गरज नाही. एकाने स्टॉपवॉचचे बटण दाबत जावे, दुसऱ्याने येणाऱ्यांचे बिब क्रमांक, म्हणजे छातीवर लावलेले क्रमांक, क्रमाने लिहावेत आणि दर दहाव्या धावपटूला दोघांनी ताळा घ्यावा. स्वयंसेवक मिळत नाहीत ही तक्रार एका नियमाने सुटते: मालिकेत भाग घेणाऱ्या प्रत्येक सभासदाने एका शर्यतीत धावायचे नाही, काम करायचे.

शेवटच्या धावपटूमागे एक सायकलस्वार ठेवावा आणि तो परतल्याशिवाय फेरीवरचा एकही स्वयंसेवक जागा सोडणार नाही, असे सांगून ठेवावे. सुटताना मोजलेले क्रमांक, शेवटच्या रेषेवर लिहिलेले क्रमांक आणि मध्येच थांबलेल्यांचे क्रमांक जुळवून पाहावेत. एक जरी कमी भरला तर त्याच्या अर्जावरील घरच्या क्रमांकावर फोन करावा आणि ठावठिकाणा लागेपर्यंत रुग्णवाहिकेला थांबवून ठेवावे.