मण्यांची माळ ओवताना या चुका टाळा

माळ तुटली की सगळे दोऱ्याला नावं ठेवतात. पण तुटलेलं टोक नीट पाहा. बऱ्याचदा दोरा मण्याच्या भोकाच्या कडेनं कापलेला असतो. नळीसारखे काचेचे मणी आणि हलक्या प्रतीचे धातूचे मणी यांत हे हमखास होतं. म्हणून मणी घेताना रंगाच्या आधी भोक पाहा. आतून दोरा चार वेळा ओढा. तंतू निघाले तर तो मणी सुती दोऱ्यासाठी नाही. फारच आवडला असेल तर गिअर वायर (प्लास्टिकचा लेप असलेली बारीक पोलादी तार) वापरा आणि दोन्ही बाजूंना बारीक गोल मणी घाला, म्हणजे तार कडेवर मोडत नाही.

मोती आणि पोवळं अकीक-स्फटिकाला खेटून ओवू नका. मोती मऊ, अकीक कठीण. घासून घासून मोत्याचं पाणी जातं. पटवेकऱ्यानं, म्हणजे माळा-दागिने ओवणाऱ्या कारागिरानं, गाठवलेल्या माळेत प्रत्येक मोत्यामागे गाठ असते. माळ तुटली तरी एखादाच मोती घरंगळतो. वेळ लागतो, पण खऱ्या मोत्यांना दुसरी पद्धत मला पटत नाही.

आपल्या खानदेशात उन्हाचाही विचार हवा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो. अशा वेळी बंद गाडीत राहिलेले लाखेचे मणी मऊ पडून एकमेकांना चिकटतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर घालायची माळ असेल तर रंगवलेले लाकडी मणी आधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर चोळून पाहा. फडक्याला रंग लागला तर घामानं तो नव्या साडीवरही उतरणार.

रंगांची जुळणी दिवसाउजेडी करा. होळीआधी उघड्यावर भरणाऱ्या आदिवासींच्या भोंगऱ्या बाजारात हे आपसूक होतं, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली मात्र निळा-जांभळा फसवतात. पारदर्शक मण्यातून आतला दोरा दिसतो, तेव्हा त्याचाही रंग ठरवा.

मणी मोजून घ्या. १८ इंचांच्या माळेला ८ मिमीचे साधारण ५७ मणी लागतात, ६ मिमीचे ७६. वर डझनभर जास्त घ्या, कारण पुढच्या लॉटची छटा क्वचितच तंतोतंत जुळते.

माळ फार घट्ट ओढली तर ती गळ्यावर लोळत नाही, ताठ उभी राहते. शेवटची गाठ मारण्याआधी माळ गोल वळवून पाहा आणि दोन-तीन मिमी सैल सोडा. नायलॉनचा दोरा असेल तर ओवलेली माळ रात्रभर टांगून ठेवा. वजनानं जे ताणायचं ते ताणलं की सकाळी गाठ मारा.