बारीक पतंगांची रात्र: बाकी काहीही विसरा, टेप विसरू नका

रात्री उजेडाकडे उडत येणारे बारीक पतंग, म्हणजे छोटे कीटक, चादरीवर उतरवून ओळखायचे तर चादर, दोरी, बॅटरी, वही ही कोणीही घेतं. शिंप्याची मोजटेप मात्र आत्ता उठून पिशवीत टाका, मग पुढे वाचा. गेल्या खेपेला तीच कपाटात राहिली आणि रात्रभराचे फोटो फुकट गेले. फोटोत 8 मिलिमीटरचा पतंग नि 22 चा पतंग सारखाच दिसतो.

रात्र अवसेच्या आसपासची, दमट, वारा पडलेली. पहिल्या पावसानंतर किंवा गणपतीची चवथ सरली की उत्तम. व्हरांड्यातल्या पिवळ्या एलईडीवर फारसं काही येत नाही, कारण त्यात अतिनील किरण जवळजवळ नसतात. अतिनील ट्यूब लावा, तिच्याकडे टक लावून बघू नका. पांढरी सुती चादर दोन पोफळींमध्ये ताणा, ट्यूब फूटभर पुढे. खालची हातभर कड जमिनीवर पसरा. बारीक पतंग बरेचदा तळाशीच उतरतात, तेव्हा पाय जपून. हुमल्यांचं, म्हणजे झाडावरच्या तांबड्या मुंग्यांचं, घरटं असलेल्या आंब्याला दोरी बांधलीत तर ते त्याच दोरीने येऊन पतंग उचलून नेतील. मच्छर अगरबत्ती नको, पूर्ण बाह्या घाला.

आता टेप. मिलिमीटरची बाजू वर करून चादरीलाच टाचा. हातात धरलेली टेप भिंगाजवळ येते आणि माप चुकतं. आलेख कागद पावसाळी हवेत सादळतो, स्टीलची पट्टी चमकते. पुढच्या पंखाची मुळापासून टोकापर्यंतची लांबी घ्या. पुस्तकात बहुधा पसरलेल्या पंखांचा विस्तार असतो, म्हणून दुप्पट करून वर थोडं धरा.

ओळखताना आधी बसण्याची ढब बघा, रंग नंतर. काडीसारखे पंख आडवे ठेवून टी अक्षर केलं असेल तर टेरोफोरिडी कुळ. तपकिरी पंखांवर आडवा पांढरा पट्टा, शेजारी तांबड्या भाजीचा वाफा: स्पोलाडिया रिकर्व्हॅलिस. पांढरे पंख, काळसर काठ, शेपटीला केसांचा झुबका: काकडीवरचा डायफेनिया इंडिका. भातखोडकिड्याची मादी पिवळी, पुढच्या प्रत्येक पंखावर एक काळा ठिपका. नर लहान नि मळकट, म्हणून तो वेगळाच कोणी वाटतो. इथेही टेपच लागते!

फोटो वरून एक, बाजूने एक, दोन्हींत टेप. नाव जमलं नाही तर कुळावर थांबा. उजाडायच्या आत ट्यूब बंद, चादर झाडा, नाहीतर बुलबुल नि दयाळ न्याहारी उरकतात. टाचण्या मोजून काढा.