मशीन दुसऱ्याच्या हाती देण्याआधी: लिनक्स डेस्कटॉपवर प्रोग्रॅम सापडतोय ना, उघडतोय ना?

घरातल्या मोठ्या माणसांसाठी, शाळेच्या संगणक कक्षासाठी किंवा ऑफिसातल्या नव्या माणसासाठी लिनक्सचं मशीन तयार करताना प्रोग्रॅम बसवणं हे निम्मंच काम असतं. तो वापरणाऱ्याला पटकन सापडला पाहिजे आणि क्लिक केल्यावर उघडलाही पाहिजे. त्यामुळे खालची सगळी तपासणी स्वतःच्या लॉगिनमधून करू नका, जो वापरणार आहे त्याच्या लॉगिनमधून करा. काही प्रोग्रॅम एकाच वापरकर्त्यापुरते बसलेले असतात. तुम्हाला दिसतात, त्याला दिसत नाहीत.

सुरुवात कीबोर्डपासून करा. मराठी इनस्क्रिप्ट मांडणी चालू असेल तर शोधचौकटीत नागरी अक्षरं उमटतात आणि ‘काही सापडलं नाही’ असं उत्तर येतं. नोममध्ये (हा लिनक्सच्या डेस्कटॉपांपैकी एक, प्लाझ्मा आणि एक्सएफसीई हे दुसरे दोन) सुपर म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेली कळ आणि स्पेस एकत्र दाबली की मांडणी बदलते. हे वापरणाऱ्याला पहिल्याच दिवशी दाखवून द्या. खाली आज्ञा आणि फोल्डरांचे पत्ते उच्चाराप्रमाणे नागरीत दिले आहेत, टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ते रोमन लिपीतच टाकायचे.

मग शोधायची वाट ठरवा. नोममध्ये सुपर दाबायची, नावाची दोन-तीन अक्षरं टाकायची, एंटर. प्लाझ्मामध्ये ऑल्ट आणि स्पेस दाबल्यावर के-रनर नावाची शोधचौकट उघडते. एक्सएफसीईत ऑल्ट-एफ३ ने प्रोग्रॅम शोधायची खिडकी येते. ऑल्ट-एफ२ बद्दल मात्र एक सांगून ठेवा: नोममधली ही चौकट प्रोग्रॅमचं मेनूतलं नाव ओळखत नाही, तिला आज्ञाच लागते. मेनूत ‘फाइल्स’ दिसणाऱ्या प्रोग्रॅमची आज्ञा ‘नॉटिलस’ आहे. लिबरऑफिस रायटरसाठी ‘लोरायटर’ चालते. सुपर दाबून केलेल्या शोधात मात्र आज्ञेचं नावही जुळतं, म्हणून तिथे ‘नॉटिलस’ टाकलं तरी फाइल्सच पुढे येतं.

आता मोजदाद, आणि इथे घाई नको. मशीनवर प्रोग्रॅम चार वाटांनी आलेले असू शकतात: एपीटीने (डेबियन-उबंटूची स्वतःची पॅकेज-व्यवस्था), फ्लॅटपॅकने, स्नॅपने (या दोन्ही वेगवेगळ्या लिनक्सवर चालणाऱ्या व्यवस्था), किंवा नुसती उतरवून घेतलेली ॲपइमेज (एकाच फायलीतला अख्खा प्रोग्रॅम) म्हणून. प्रत्येकाची यादी वेगळी. ‘एपीटी-मार्क शोमॅन्युअल’ मुद्दाम बसवलेली पॅकेजं दाखवतं (इन्स्टॉलरने आधीच टाकलेलीही त्यात मिसळलेली असतात), ‘फ्लॅटपॅक लिस्ट --ॲप’ आणि ‘स्नॅप लिस्ट’ आपापली. ॲपइमेजची यादी कुठेच नसते, ती डाउनलोड्समध्ये जाऊन हातानेच शोधावी लागते. एकच प्रोग्रॅम दोन वाटांनी आला असेल तर मेनूत सारख्याच नावाची दोन चिन्हं दिसतात, आणि कालची सेटिंग आज गायब झाल्याची तक्रार बहुतेक वेळा यातूनच येते. दोन्हींतलं एक काढून टाका. उबंटूवर फायरफॉक्स एपीटीने मागितला तरी २२.०४ पासून आतून स्नॅपच बसतो, हेही यादी करताना ध्यानात असू द्या.

पॅकेजचं नाव आणि आज्ञेचं नाव एकच असेल असं धरून चालू नका. ‘पॉपलर-युटिल्स’ बसवलं की त्या नावाची आज्ञा मिळत नाही, ‘पीडीएफटूटेक्स्ट’ आणि तिची भावंडं मिळतात. डेबियन कुळातल्या (उबंटू त्यातलंच) मशीनवर ‘डीपीकेजी’ पुढे उणे चिन्ह, मोठ्या लिपीतलं एल आणि पॅकेजचं नाव दिलं की त्या पॅकेजने टाकलेल्या सगळ्या फायली दिसतात. त्यात ‘बिन’ फोल्डरमधल्या ओळी म्हणजे आज्ञा, आणि /यूएसआर/शेअर/ॲप्लिकेशन्स मधल्या ओळी म्हणजे मेनूतल्या नोंदी. दुसऱ्या प्रकारची एकही ओळ नसेल तर त्या पॅकेजमुळे मेनूत काहीच येणार नाही. व्हिडिओ-ऑडिओ रूपांतराचा एफएफएमपेग असाच आहे. तो टर्मिनलवरूनच चालवायचा, मेनूत शोधून उपयोग नाही.

मेनू म्हणजे डिस्कवर काय आहे याची यादी नव्हे. ठरावीक फोल्डरांत ‘डॉट डेस्कटॉप’ शेपटीच्या ज्या मजकूर-फायली असतात, त्यांतलंच मेनूत उमटतं. सगळ्यांसाठीच्या नोंदी /यूएसआर/शेअर/ॲप्लिकेशन्स मध्ये, एका वापरकर्त्याच्या त्याच्या होम फोल्डरातल्या .लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स मध्ये, फ्लॅटपॅकच्या /वार/लिब/फ्लॅटपॅक खाली आणि स्नॅपच्या /वार/लिब/स्नॅपडी खाली. फ्लॅटपॅक ‘--यूझर’ लावून बसवला असेल तर तो त्याच माणसाच्या होममध्ये जातो, दुसऱ्या लॉगिनला दिसत नाही. या फोल्डरांची यादी सत्र सुरू होताना वाचली जाते. म्हणून एखाद्या मशीनवर फ्लॅटपॅकची व्यवस्थाच पहिल्यांदा बसवली तर लॉगआउट करून परत यावं लागतं. तोवर प्रोग्रॅम बसलेला असूनही मेनूत येत नाही. टर्मिनलमध्ये नुसतं ‘गिंप’ टाकलं तर फ्लॅटपॅकचं गिंप बहुधा उघडत नाही, त्यासाठी ‘फ्लॅटपॅक रन’ आणि पुढे ‘ऑर्ग.गिंप.गिंप’ असं पूर्ण ओळखनाव लागतं, त्यातलं शेवटचं गिंप मोठ्या लिपीत. संगणक कक्षात विद्यार्थ्यांचे होम फोल्डर /होमच्या बाहेर ठेवले असतील आणि त्यासाठी वेगळी सेटिंग केली नसेल तर स्नॅप मुळात उघडायलाच नकार देतात. अशा ठिकाणी दुसरी वाट आधीच निवडा.

नोंद असूनही मेनूत दिसत नसेल तर ती फाइल उघडून तीन ओळी बघा. ‘नोडिस्प्ले=ट्रू’ असेल तर ती मुद्दाम लपवलेली आहे. ‘ओन्लीशोइन’ मध्ये दुसऱ्याच डेस्कटॉपचं नाव असेल तर तुमच्याकडे येणार नाही. आणि ‘ट्रायएक्झेक’ मधली आज्ञा जागेवर नसेल तर नोंद गुपचूप गळते, कसलीही सूचना न देता. दुरुस्ती /यूएसआर मधल्या फायलीत करू नका, पुढचं अपडेट ती पुसून टाकेल. तीच फाइल त्याच नावाने वापरकर्त्याच्या .लोकल मधल्या फोल्डरात आणा आणि तिथे बदला. नाव तेच असलं की वापरकर्त्याची प्रत वरचढ ठरते.

ॲपइमेजला ही नोंद हातानेच करून द्यावी लागते. समजा क्रिटाची ॲपइमेज आहे. होममध्ये ‘ॲप्स’ नावाचं फोल्डर करून फाइल तिथे हलवा आणि नावातला आवृत्तीचा आकडा काढून टाका, नाहीतर पुढची आवृत्ती आणली की नोंद मोडते. फाइलीला ‘सीएचमॉड +एक्स’ ने चालवण्याची परवानगी द्या. मग नोंदीची फाइल लिहा. पहिली ओळ चौकटी कंसात ‘डेस्कटॉप एंट्री’. पुढे ‘टाइप=ॲप्लिकेशन’, ‘नेम=क्रिटा’, ‘टर्मिनल=फॉल्स’, ‘कॅटेगरीज=ग्राफिक्स’ आणि त्याच्या शेवटी अर्धविराम. ‘एक्झेक’ आणि ‘आयकॉन’ मध्ये /होम पासूनचा पूर्ण पत्ता द्या. होमसाठीचं नागमोडी चिन्ह टर्मिनलमध्ये चालतं, इथे चालत नाही. हाताने लिहिलेल्या नोंदी बहुतेक याच एका चिन्हावर अडतात. ‘एक्झेक’च्या पत्त्यात मोकळी जागा असेल तर तो दुहेरी अवतरणात घाला. ‘नेम’च्या ओळीखाली ‘नेम[एमआर]’ अशी ओळ घालून मराठी नावही देता येतं, मराठीत चालणाऱ्या डेस्कटॉपवर तेच दिसेल. फाइल जतन झाली की ‘डेस्कटॉप-फाइल-व्हॅलिडेट’ने तपासा. नोममध्ये नवी नोंद आपोआप येते. प्लाझ्मात नाही आली तर ‘केबिल्डसायकोका६’ चालवा. ‘अपडेट-डेस्कटॉप-डेटाबेस’ चालवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण ती आज्ञा कोणती फाइल कशात उघडायची याची सूची बनवते, मेनूचा तिच्याशी संबंध नाही.

ॲपइमेजवर डबलक्लिक केल्यावर काहीच होत नसेल तर ती टर्मिनलमधून चालवून संदेश वाचा. फ्यूजची (ॲपइमेज उघडायला लागणाऱ्या भागाची) तक्रार असेल तर उबंटू २२.०४ वर ‘लिबफ्यूज२’ आणि २४.०४ वर ‘लिबफ्यूज२टी६४’ हे पॅकेज बसवा. यातली गोम अशी की २२.०४ वर ‘फ्यूज’ नावाचं जुनं पॅकेज बसवायला जाऊ नये, ते काही वेळा डेस्कटॉपचे भाग काढून टाकतं. ‘परवानगी नाही’ आलं आणि फाइल फॅट पद्धतीच्या पेनड्राइव्हवर असेल तर सीएचमॉड कितीही वेळा चालवा, फरक पडणार नाही. तिथे ती परवानगी साठवायला जागाच नसते. फाइल होममध्ये कॉपी करा.

बाकी चुकांसाठी आज्ञा बाहेर पडताना देते तो आकडा उपयोगी. आज्ञा फसल्यावर लगेच ‘इको’ आणि पुढे डॉलर-प्रश्नचिन्ह टाका. १२७ म्हणजे आज्ञा सापडलीच नाही, १२६ म्हणजे सापडली पण चालवता येत नाही. १२७ आलं तर शुद्धलेखन आणि पाथ (आज्ञा ज्या फोल्डरांत शोधल्या जातात त्यांची यादी) बघा. स्वतःच्या स्क्रिप्ट होममधल्या .लोकल/बिन मध्ये ठेवल्या असतील आणि ते फोल्डर आत्ताच तयार केलं असेल, तर उबंटूत ते पुढच्या लॉगिनपासून पाथमध्ये येतं. मेनूतून उघडल्यावर प्रोग्रॅम क्षणभर दिसून नाहीसा होत असेल तर ‘जर्नलसीटीएल --यूझर -एफ’ एका खिडकीत चालू ठेवून पुन्हा क्लिक करा. कारण बहुधा तिथे लिहिलेलं सापडतं.

सगळं उघडू लागलं की रोजचे चार-पाच प्रोग्रॅम डॅशवर (नोममधल्या चिन्हांच्या पट्टीवर) पिन करून द्या, जास्त नकोत. पिन केलेल्या चिन्हावर क्लिक केल्यावर शेजारी दुसरंच अनोळखी चिन्ह उगवत असेल, तर उघडलेली खिडकी त्या नोंदीशी जोडणारी ‘स्टार्टअपडब्ल्यूएमक्लास’ची ओळ नोंदीत कमी आहे. तिची किंमत नोममध्ये ऑल्ट-एफ२ मध्ये ‘एलजी’ टाकून, विंडोज या टॅबखाली त्या खिडकीसमोर मिळते. ती जशीच्या तशी, लहान-मोठी अक्षरं सांभाळून नोंदीत घाला, जुनी पिन काढा आणि नव्याने करा. मग मशीन एकदा पूर्ण बंद करून चालू करा, वापरणाऱ्याच्या लॉगिनने आत जा, आणि यादीतला प्रत्येक प्रोग्रॅम मेनूतून, टर्मिनलला हात न लावता उघडून बघा.