आधण उतरवा, मग पत्ती टाका: अख्ख्या पानाचा चहा करणं आणि टिकवणं

दार्जिलिंगचा चांगला पुडा घरी येतो. नेहमीसारखं पातेल्यात पाणी, साखर, आलं घालून तो खळखळ उकळला जातो, वर दूध पडतं आणि कपात उतरतं फिकट, तुरट पाणी. मग पुडा फडताळात मागे सरकतो आणि वर्षभर तिथेच राहतो. यात चहाचा दोष नसतो, पद्धतीचा असतो.

आपला रोजचा चहा सीटीसी प्रकारचा असतो. दातेरी रुळांमधून पान चिरडून, फाडून, वळवून त्याचे बारीक दाणे केलेले असतात. पेशी आधीच फुटलेल्या असल्यामुळे उकळत्या पाण्यात दोन मिनिटांत रंग आणि कडकपणा उतरतो, तो दुधासाखरेला पुरून उरतो. त्या कामासाठी तोच चहा योग्य आहे. अख्ख्या पानाचा चहा, ज्याला व्यापारात ऑर्थोडॉक्स म्हणतात, फक्त वळून सुकवलेला असतो. त्याचा रस सावकाश सुटतो आणि त्याची खरी किंमत सुगंधात असते. उकळला की सुगंध वाफेबरोबर निघून जातो आणि तुरटपणा तेवढा पातेल्यात राहतो. म्हणून हा चहा उकळायचा नाही, गरम पाण्यात झाकून मुरू द्यायचा.

पहिला पुडा कोणता घ्यावा

५० ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नका. एका कपाला अडीच ग्रॅम धरले तरी त्यात वीस कप होतात, हात बसायला तेवढे पुरतात. दुधाची सवय असेल तर आसाम ऑर्थोडॉक्सने सुरुवात करा. तो दाट असतो आणि थोडं दूध सहज पेलतो. कोरा चहा प्यायचा असेल तर निलगिरी घ्या. मिनिटभर जास्त राहिला तरी तो सहसा कडवट होत नाही, म्हणून शिकायला उत्तम. दार्जिलिंगचा फर्स्ट फ्लश आणि ग्रीन टी थोडा सराव झाल्यावर आणा. पाणी जरा जास्त गरम झालं की हे दोन्ही लगेच बिघडतात.

फ्लश म्हणजे खुडणीचा हंगाम. दार्जिलिंगमध्ये फेब्रुवारीअखेर ते एप्रिलच्या खुडणीला फर्स्ट फ्लश म्हणतात: फिकट सोनेरी, फुलांच्या वासाचा. मे-जूनचा सेकंड फ्लश तांबूस आणि भरदार असतो. पिकल्या द्राक्षांची आठवण करून देणारा त्याचा 'मस्कटेल' सुगंध प्रसिद्ध आहे. त्या सुगंधात तुडतुड्यांचा वाटा असतो. कापसावर आपल्याला नको असलेल्या याच जातकुळीतले कीटक चहाचं कोवळं पान शोषतात, झाड बचावासाठी सुगंधी द्रव्यं तयार करतं आणि ती कपापर्यंत येतात.

पुड्यावरच्या एफटीजीएफओपी वगैरे अक्षरांना भुलू नका. ती पानाचा आकार आणि कळ्यांचं प्रमाण सांगतात, चवीची हमी देत नाहीत. बीओपी म्हणजे तुटलेलं पान. ते लवकर उतरतं, म्हणून त्याला वेळ कमी द्यायचा. अक्षरांपेक्षा मळ्याचं नाव, फ्लश आणि वर्ष छापलं आहे का ते बघा. दार्जिलिंग असेल तर हातात चहाचं पान धरलेल्या स्त्रीचं बोधचिन्ह पुड्यावर शोधा. भौगोलिक मानांकन मिळालेलं हे भारतातलं पहिलं उत्पादन, २००४ सालचं.

सुट्या चहाबद्दल शंका असेल तर एक सोपी तपासणी आहे. गाळणकागदावर चिमूटभर पत्ती पसरा, पाणी शिंपडून ओली करा, थोड्या वेळाने पत्ती काढून कागद नळाखाली धुवा आणि उजेडात धरा. शुद्ध चहाचे डाग पडत नाहीत. काळपट तपकिरी डाग राहिले तर वरून रंग चढवलेला आहे.

भांडी

नवी किटली घ्यायलाच हवी असं नाही. घट्ट झाकणाचं स्टीलचं छोटं पातेलं आणि बारीक गाळणं पुरतं. फक्त ते पातेलं फोडणीचं किंवा मसालेभाताचं नको. चिनीमातीची किटली असेल तर उष्णता जास्त टिकते. साखळीला लोंबणारा जाळीचा गोळा घेऊ नका: भिजल्यावर पान कित्येक पट फुलतं, गोळ्यात त्याला जागा मिळत नाही आणि आतली पत्ती कोरडीच राहते. कपात बसणारी खोलगट, रुंद जाळी चालते.

पैसे खर्च करायचेच असतील तर ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या छोट्या वजनकाट्यावर करा. चमचा इथे फसवतो. बारीक तुटलेल्या पानाचा सपाट चमचा दोन-अडीच ग्रॅम भरतो, लांब पानाच्या दार्जिलिंगचा तोच चमचा दीड ग्रॅमच्या आसपास, कापसासारख्या हलक्या व्हाइट टीचा ग्रॅमभरही नाही, आणि गोळी वळलेल्या ऊलाँगचा (ग्रीन टी आणि काळा चहा यांच्या मधला प्रकार) तीनच्या पुढे. 'एक चमचा' म्हणून चार वेगळे चहा केले तर चारही वेगवेगळे बिघडतील.

पाणी

बोअरच्या जड पाण्यात चहा काळपट आणि निस्तेज दिसतो, वर तेलकट वाटणारा तवंग येतो. पाण्यातलं कॅल्शियम आणि चहातली द्रव्यं मिळून तो तवंग होतो. पत्तीत भेसळ आहे असा त्याचा अर्थ नाही. एकदा तोच चहा बोअरच्या आणि गाळलेल्या पाण्यात शेजारी शेजारी करून बघा. दुसऱ्या टोकाला, क्षार जवळजवळ शून्यावर नेलेल्या आरओच्या पाण्यात चव सपाट लागते. पालिकेचं साधं गाळलेलं पाणी बहुतेक ठिकाणी उत्तम.

तापमानासाठी थर्मामीटर नसला तरी अडत नाही. आधीच उकळून गार केलेलं पाणी एका बाटलीत भरून ठेवा. ९ भाग उकळतं पाणी आणि १ भाग हे गार पाणी मिसळलं की सुमारे ९२ अंश होतात. ४ ला १ घेतलं तर ८५, ३ ला १ घेतलं तर ८०च्या जरा वर. भांडं थोडी उष्णता खातं, त्यामुळे प्रत्यक्षात एक-दोन अंश कमीच. महाबळेश्वरसारख्या उंचीवर पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. तिथे काळ्या चहाला, म्हणजे आसाम, निलगिरी, सेकंड फ्लशला, आधण तसंच वापरा, गार पाणी घालू नका.

कृती

आधण ठेवण्याआधीच पत्ती मोजून वाटीत काढा आणि डबा बंद करा. वाफाळत्या पातेल्यावर डबा उघडला की प्रत्येक वेळी थोडी ओल आत जाते. पावसाळ्यात चहा सादळण्याचं सर्वांत मोठं कारण हेच.

२०० मिली पाण्याला २.५ ग्रॅम पत्ती. पाण्याला खळखळून उकळी आली की गॅस बंद करा. ज्या भांड्यात चहा मुरवायचा त्यात थोडं गरम पाणी फिरवून ओतून टाका, म्हणजे भांडं तापतं. पत्ती टाका, वरून पाणी ओता, लगेच झाकण लावा आणि घड्याळ लावा. मध्ये ढवळू नका, दाबू नका. स्टीलचं पातेलं असेल तर जाड टॉवेलमध्ये गुंडाळा.

निलगिरी आणि दार्जिलिंग सेकंड फ्लशला ९५ अंशांच्या आसपासचं पाणी आणि ३ ते ४ मिनिटं. आसाम ऑर्थोडॉक्सला उकळतं पाणी, ४ ते ५ मिनिटं. फर्स्ट फ्लशला ८५ ते ९० अंश, ३ मिनिटं. ऊलाँगला ९० ते ९५, ३ मिनिटं. ग्रीन टीला ७५ ते ८० अंश, २ मिनिटं, आणि घड्याळावरून नजर हलवू नका. तुटलेलं पान असेल तर यातला एक मिनिट कमी करा.

वेळ झाली की सगळा चहा गाळून काढा, शेवटच्या थेंबापर्यंत. 'दुसरा कप नंतर घेऊ' म्हणून पानं पाण्यातच ठेवली तर तो दुसरा कप पिववत नाही. गाळताना चोथा चमच्याने पिळूही नका, तुरटपणा त्यातच असतो. ग्रीन टी आणि ऊलाँगची तीच पानं लगेच दुसऱ्यांदा, अर्धा-एक मिनिट वाढवून वापरता येतात. काळ्या चहाचा दुसरा कप फिका होतो. ओला चोथा रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा वापरू नका.

चव परीक्षणाचं एक आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे, आयएसओ ३१०३: १०० मिलीला २ ग्रॅम, उकळतं पाणी, ६ मिनिटं. ते चहातले दोष उघडे पाडण्यासाठी आहे. पिण्यासाठी ते वापरलं तर चहा फारच कडक होतो.

चव बिघडली तर

कडवट आणि घसा धरणारा झाला असेल तर पाणी जास्त गरम होतं किंवा वेळ जास्त झाला. आधी वेळ अर्ध्या मिनिटाने कमी करा, मग तापमान. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर काय सुधारलं ते कळत नाही. फिका लागला तर पत्ती वाढवा, वेळ वाढवू नका. नवीन माणूस नेमकं उलटं करतो आणि चहा फिका राहून वर तुरट होतो. रंग चांगला पण वास नाही, तर झाकण सैल होतं किंवा पत्ती जुनी आहे. गार झाल्यावर चहा गढूळ झाला तर घाबरू नका: कॅफीन आणि चहातली रंगद्रव्यं गारठ्यात एकत्र येतात, आसामच्या कडक चहात हे हमखास होतं. थोडं उकळतं पाणी घातलं की तो निवळतो.

दूध हवंच असेल तर २०० मिलीला ४ ग्रॅम आसाम, ५ मिनिटं मुरवा, गाळा आणि मग कपात दोन-तीन चमचे गरम दूध घाला. आलं किंवा गवती चहा हवा असेल तर तो पाण्यात आधी उकळा, गॅस बंद करा आणि मग पत्ती टाका. गवती चहात चहाचं पान नसतंच, ते गवत आहे. ते कितीही उकळलं तरी तुरट होत नाही. फर्स्ट फ्लशमध्ये मात्र दूध घालू नका, त्याचा वासच मरतो.

उन्हाळ्यात याच पत्तीचा गार चहा सोपा. लिटरभर पिण्याच्या गार पाण्यात ८ ते १० ग्रॅम निलगिरी किंवा दार्जिलिंग, झाकून ६ ते ८ तास फ्रिजमध्ये, मग गाळून घ्या. यात तुरटपणा फार कमी उतरतो. ओट्यावर ठेवून करू नका, आणि दिवसभरात संपवा.

साठवण

सुकवून तयार झालेल्या चहात ओलावा साधारण ३ टक्के असतो, म्हणून तो हवेतली ओल आणि वास दोन्ही टिपून घेतो. हिंग, वेलदोडा, डांबरगोळ्या, उदबत्ती यांच्या शेजारी आठवडाभर ठेवा, कपात त्यांचाच वास येईल. मसाल्याच्या कप्प्यात चहा कधीही नको. शेगडीच्या वरच्या फळीवर नको, कारण तिथे वाफ आणि उष्णता दोन्ही. काचेच्या सुंदर बरणीत खिडकीपाशी तर नकोच; उजेडाने ग्रीन टी लवकर पिवळट आणि बेचव होतो.

चहा मूळ चंदेरी अस्तराच्या पुड्यातच राहू द्या. हवा दाबून काढा, तोंड दोनदा दुमडा, चिमटा लावा आणि तो पुडा स्टीलच्या डब्यात ठेवा. नुसत्या स्टीलच्या डब्यावर भरवसा नको, त्याचं झाकण हवाबंद नसतं. डबा आधी कशाचा होता तेही बघा: रात्रभर रिकामा बंद ठेवून सकाळी उघडून वास घ्या. वास आला तर खायच्या सोड्याने धुवून उन्हात वाळवा, आणि तरीही वास राहिला तर तो डबा दुसऱ्या कशाला वापरा.

मुंबई, कोकण आणि गोव्यात जून ते सप्टेंबर एका वेळी एकच पुडा उघडा. त्यातूनही दहा-बारा दिवसांची पत्ती छोट्या, काठोकाठ भरणाऱ्या डबीत काढा आणि मोठा पुडा बंदच राहू द्या. विदर्भात ओलीपेक्षा मे महिन्याचा उन्हाळा भारी पडतो. तिथे माळ्यावर न ठेवता आतल्या खोलीतल्या कपाटात, खालच्या कप्प्यात ठेवा.

फ्रिजचा मोह टाळा. उघडलेला पुडा फ्रिजमधून बाहेर काढला की गार पानांवर हवेतलं पाणी धरतं, शिवाय काल रात्रीच्या भाजीचा वास आत जातो. फक्त न उघडलेला, हवाबंद ग्रीन टी फ्रिजमध्ये ठेवता येतो, आणि वापरायच्या आदल्या रात्री बाहेर काढून पुडा खोलीच्या तापमानाला आल्यावरच फोडायचा.

ग्रीन टी आणि फर्स्ट फ्लश खुडणीपासून वर्षभरात संपवावेत. इतर काळा चहा नीट बंद असेल तर दीड-दोन वर्षं चांगला राहतो. उघडल्यावर मात्र दमट भागात दोन-तीन महिनेच धरा. पुडा फोडल्याची तारीख त्यावर पेनने लिहा.

पत्ती सादळली का हे बोटांना कळतं. चिमटीत दाबल्यावर कुडकुडीत तुटली तर ठीक, वाकली तर ओल शिरली आहे. कुबट वास किंवा पांढरट बुरशी दिसली तर सगळा पुडा टाकून द्या, वरचं काढून खालचं वापरू नका. नुसता वास उडालेला, पण कोरडा आणि स्वच्छ ग्रीन टी वाया घालवायची गरज नाही. कोरड्या, बिनवासाच्या तव्यावर मंद आचेवर दोन-तीन मिनिटं सतत हलवत भाजा. पान तपकिरी झालं आणि भाजलेल्या दाण्यांसारखा खमंग वास सुटला की लगेच ताटात काढा. तव्यावरच ठेवलं तर करपतं. जपानमध्ये होजिचा नावाचा भाजलेला ग्रीन टी याच रीतीने करतात. याला मग उकळतं पाणी चालतं, मिनिटभरच मुरवायचा.