आलूचं पान उलटून पाहा, दहिवर वाळायच्या आधी

आमच्याकडे बटाट्याला आलू म्हणतात, म्हणून मीही तेच लिहितो. कळमेश्वर तालुक्यात माझ्या संत्र्याच्या बागेला लागून, विहिरीजवळ एक एकर काळी जमीन आहे. तिथं दरवर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या हप्त्यात आलू लावतो. एरवी 80 क्विंटलच्या आसपास माल निघतो. उशिराचा करपा हा पान जाळणारा रोग आला त्या साली 27 निघाला, आणि त्यातलाही बराच नागपूरच्या कळमना बाजारात न्यायच्या लायकीचा नव्हता.

‘उशिराचा’ या नावावर जाऊ नका. माझ्या वावरात तो 45 व्या दिवशीच आला होता. नागपुरात अधिवेशनाचे दिवस, चार दिवस ढग, सकाळी धुवारी, मधूनच बुरबुर पाऊस. पानांच्या कडेला ओलसर, काळपट डाग दिसले. मला वाटलं थंडीनं झालं, म्हणून उलट पाणी दिलं! दुकानात पान दाखवलं तर कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची पुडी मिळाली. या रोगावर त्याचा काही उपयोग नाही, हे फार उशिरा कळलं. हा रोग करणारी फायटोप्थोरा ही खरी बुरशी नव्हेच. पानावरच्या पाण्याच्या पातळ थरात तिचे बीजाणू चक्क पोहतात. म्हणून 10 ते 20 अंश तापमान आणि ओलं पान मिळालं, की चार-पाच दिवसांत वावर उकडलेल्या भाजीसारखं दिसायला लागतं.

ओळखायचा वेळ सकाळचा. डागाच्या जागी पान उलटा, कडेला पांढरी लव दिसेल. ऊन चढलं की ती दिसत नाही. शंका असेल तर डागाळलेलं पान ओल्या कागदासोबत प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर ठेवा. उशिराचा करपाच असेल तर सकाळी लव येते. लवकरच्या करप्यात खालच्या जुन्या पानांवर गोल कड्याकड्यांचे कोरडे डाग असतात. दोन्हींत घोळ केला तर माझ्यासारखं होतं.

डाग दिसायची वाट पाहू नका. वेधशाळेनं ढगाळ हवा सांगितली आणि झाडांनी सरी झाकली असेल, की मॅन्कोझेब 75 टक्के हे औषध फवारा, लिटरला 2 ते 2.5 ग्रॅम. हे औषध पानावर आधीपासून असेल तरच राखण करतं, आत शिरलेल्या रोगाचं काही करत नाही. डाग दिसल्यावर सायमोक्सॅनिल 8 अधिक मॅन्कोझेब 64 टक्के, लिटरला 3 ग्रॅम, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 45 ग्रॅम. ढग हटत नसतील तर सात ते दहा दिवसांनी पुन्हा, पण औषध बदलून. मेटॅलॅक्झिल या दुसऱ्या औषधाचंच मिश्रण दरवेळी मारलं तर रोग त्याला सरावतो. चिकटद्रव्य घाला, नोझल खालून वर धरा. सगळा खेळ पानाच्या पाठीवर आहे. डब्यावरचं प्रमाण आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं, ते वाचाच.

पाणी बंद. ढग असताना रात्रीची लाईन आली म्हणून मोटर चालू करायचा मोह मलाही होतो.

उत्पन्न पडतं ते पान गेल्यामुळे. 45 दिवसांनंतरच खाली आलू फुगतो, आणि त्याला पोसणारं पानच जळलं तर तो बोराएवढा राहतो. शिवाय पानांवरचे बीजाणू पावसाच्या पाण्यानं मातीत उतरतात, उघड्या पडलेल्या आलूला धरतात. त्यावर उपाय म्हणजे मातीची चांगली उंच भर. आणि 75-80 टक्के पाला गेलाच असेल, तर फवारणीवर पैसे घालू नका. पाला कापून वावराबाहेर पुरा, 10 ते 15 दिवस थांबून मग खणा. तोवर सालही पक्की होते.

बेणं घेताना एकेक कंद फिरवून बघा. आपल्या मे महिन्याच्या उन्हात वावरात हा रोग तगत नाही, पण शीतगृहातल्या कंदात आरामात बसून येतो. सालीवर तपकिरी-जांभळट दबलेला डाग आणि कापल्यावर आत गंजाचा रंग दिसला, तर तो कंद बाजूला काढा. टमाट्याचं वावर शेजारी नको, तोही याच रोगाचा.

त्या साली मी डागी माल वेगळा न करता पोत्यांत भरून ओसरीत ठेवला. आठव्या दिवशी एवढा वास सुटला की बायकोनं रात्री अकराला पोती बाहेर काढायला लावली.