लोगोच्या आधी पत्र्यावर काय लिहायचं?

शाश्वत रस्त्याच्या प्रकल्पाची ओळख घडवायचं काम आलं की नवे डिझायनर आधी पान, सायकल आणि वळणदार रेघ यांचा लोगो जुळवायला बसतात. अशा कामात राहून माझं मत पक्कं झालंय: सुरुवात खोदकामाभोवतीच्या पत्र्यांपासून करा. रस्ता तयार व्हायच्या कितीतरी आधी लोकांना प्रकल्प भेटतो तो तिथेच, धूळ खाताना आणि वळसा घालताना.

तिथे थांबलेल्या माणसाला चालायचं कुठून, काम संपणार कधी आणि तक्रार कुणाकडे करायची, एवढंच हवं असतं. ‘हरित उद्याकडे’ वाचून त्याची अडचण सुटत नाही. तारखेसाठी बदलता येणारी वेगळी पट्टी ठेवाच. उलटून गेलेली तारीख पत्र्यावर तशीच राहिली, तर बाकीच्या मजकुरावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

अक्षरांचा ढोबळ हिशोब असा: तीन मीटरवरून आरामात वाचायचं तर उंची साधारण 25 मिलिमीटर. देवनागरीत रोमनच्या मापानं ओळी बसवल्या की खालच्या ओळीतल्या वेलांट्या वरच्या उकारांना भिडतात, जागा सोडा. मुक्तासारखा मुक्त परवान्याचा फॉन्ट सरावाला उत्तम. पण निर्णय स्क्रीनवर घेऊ नका. पाटी खऱ्या मापात छापून भिंतीला लावा आणि भर दुपारी मागे मागे चालत जाऊन वाचा.

हिरव्या रंगाचा मोह सगळ्यांना होतो. झाडांसमोर हिरवी पाटी हरवते, हे जागेवर गेल्याशिवाय लक्षात येत नाही. शिवाय चालण्याची आणि सायकलची वाट फक्त लाल-हिरव्या रंगानं वेगळी दाखवली, तर रंगांधळेपणा असलेल्यांना ती कळणार नाही. आकार आणि चिन्हही वेगळं हवं.

अभ्यासाला लंडनचं ‘लेजिबल लंडन’ घ्या, म्हणजे पायी चालणाऱ्यांना वाट दाखवणाऱ्या नकाशा-पाट्यांची तिथली योजना. 2007 मध्ये बाँड स्ट्रीट परिसरात त्याचा पहिला नमुना उभा राहिला. नकाशात वर उत्तर नाही, तर तुमचं तोंड ज्या दिशेला आहे ती दिशा. सोबत पाच मिनिटांत चालत कुठवर जाता येईल हे दाखवणारं वर्तुळ. चालणाऱ्याला लगेच उपयोगी पडणारी ही गोष्टच त्या प्रकल्पाची ओळख झाली. मला यापेक्षा चांगलं ब्रँडिंग माहीत नाही.

पुढे देखभाल. तुमचं चिन्ह कुणीतरी स्टेन्सिल ठेवून एकाच रंगात डांबरावर मारणार आहे. स्टेन्सिल कापताना ‘व’चं पोट सुटून पडतं, म्हणून अक्षरात जोडपट्ट्या आधीच आखून द्या. रंगाचा आरएएल क्रमांक (नेमकी छटा सांगणारा प्रमाणित क्रमांक), खांबाची उंची, पाटी खराब झाल्यावर नवी छापायची फाइल हे सगळं मार्गदर्शिकेत पहिल्या पानांवर येऊ द्या. रंगारी आणि कनिष्ठ अभियंता तीच पानं उघडणार आहेत.

पोर्टफोलिओत मॉकअप, म्हणजे संगणकावर बनवलेली नमुना चित्रं, थोडे चालतील. पावसाळा काढलेल्या पाटीचा फोटो मात्र नक्की ठेवा आणि त्यातलं काय टिकलं, काय फिकटलं, ते खाली लिहा.