टोमॅटोच्या लाईनी काढायला बसताय? निरोगी दिसणाऱ्या झाडापासून सावध

मेंडेल, बॅकक्रॉस, एफ-२ (संकराची दुसरी पिढी) मधलं सेग्रिगेशन, म्हणजे गुण वेगवेगळे फुटणं, हे सगळं वर्गात होऊन गेलेलं असतं, त्यात वेळ घालवत नाही. पनवेलच्या शेडनेटमध्ये किंवा घोडबंदर रोडच्या गच्चीवर टोमॅटोच्या लाईनी (पिढ्यान्पिढ्या निवडून स्थिर केलेले वंश) काढायचं काम सुरू करणाऱ्यांनी आधी आपला हंगाम ओळखावा. आपल्याकडे पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की परागकण सुटत नाहीत, गोळा होऊन चिकटून बसतात. एप्रिल-मेमध्ये रात्रीही उकडतं आणि फुलं गळतात. क्रॉसिंगचे, म्हणजे हाताने संकर करण्याचे, खरे दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य. त्यासाठी सप्टेंबर संपायच्या आत प्रोट्रेमध्ये (रोपांच्या खाचांच्या ट्रेमध्ये) बी पडलं पाहिजे.

क्रॉसिंग हाताने शिकायची गोष्ट आहे. जो मार्गदर्शक स्वतः चिमटा हातात धरत नाही आणि फक्त स्लाईड दाखवतो, त्याच्या भरवशावर राहू नका. रोज फुलांवर बसणाऱ्या मजूरबाईंच्या शेजारी बसा. पाकळ्या फिक्या पिवळ्या झाल्यात पण उघडल्या नाहीत, अशी कळी संध्याकाळी निवडायची. पुंकेसरांचा शंकू बुडाशी चिमट्यात धरून एका बाजूने ओढायचा, मधली कुक्षी सरळ उभी राहिली पाहिजे. मग दोन हिरवी निदलं कापायची. टॅग गळून पडला तरी पिकलेल्या फळावर ती खूण राहते. बाप झाडाचे परागकण दुसऱ्या दिवशी सकाळी कुक्षीवर लावायचे. दमट हवेत बाप झाडाचे शंकू रात्रभर सिलिका जेलच्या डबीत ठेवले तर पूड मोकळी होते. दहा फुलांतली सहा-सात धरायला लागली की हात बसला म्हणा.

आता मुख्य खड्डा. पर्णगुच्छासाठी, म्हणजे पानं आकसवणाऱ्या बोकड्या या विषाणूरोगासाठी, तो पसरवणारी पांढरी माशी सोडून तुम्ही रोपं तपासता. प्रत्येक रोपावर दहा-वीस माश्या, सगळं रीतसर. महिन्याने काही झाडं हिरवीगार उभी दिसतात आणि आपण टाळ्या वाजवत त्यांचं बी धरतो. त्यातली काही झाडं प्रतिकारक नसतातच. त्यांच्यापर्यंत विषाणू पोचलेलाच नसतो. हिशेब करून बघा. एफ-२ ची २०० झाडं आहेत आणि प्रतिकार टीवाय-५ सारख्या रिसेसिव्ह (दोन्ही प्रती असल्या तरच काम करणाऱ्या) जनुकाचा आहे. प्रतिकारक ५०, बळी पडणारी १५०. त्या १५० मधली दहा टक्के जरी वाचली तरी १५ झाडं खोटी. निवडलेल्या ६५ मध्ये जवळजवळ चौथा हिस्सा कचरा, आणि तो पुढच्या एफ-३ पिढीत उघडा पडतो, म्हणजे एक हंगाम गेल्यावर. टीवाय-३ या दुसऱ्या जनुकाचा प्रतिकार बऱ्याच अंशी डॉमिनंट (एका प्रतीवरही चालणारा), त्यामुळे खोटी झाडं कमी. पण तिथे निरोगी झाडांतली दोन-तृतीयांश हेटरोझायगस, म्हणजे एकच प्रत असलेली, असतात. तीही पुढे फुटणारच.

म्हणून दर दहा ओळींमागे हमखास बळी पडणाऱ्या वाणाची एक ओळ लावा. त्या ओळीतलं एकूण एक झाड आकसल्याशिवाय गुण द्यायला बसू नका. एकच झाड वाचलं असेल तरी माश्या पुन्हा सोडा. १५, ३० आणि ४५ दिवसांनी नोंद घ्या. उरलेल्या झाडांच्या पानांची पीसीआर करून विषाणू आत गेला होता का ते बघा, आणि शेवटचा निकाल एफ-३ च्या ओळींवर द्या, प्रत्येकी १५-२० झाडं. मार्कर (जनुकाची डीएनएवरची खूण) आहे म्हणून हे टाळता येतं असं कोणी म्हणालं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या. मार्कर जनुकाच्या शेजारी राहतो, आणि शेजारी कधीतरी घर बदलतो.

इतकं वाचून घाबरू नका. टोमॅटोसारखं दिलदार पीक नाही. माश्या सोडण्याआधी प्रत्येक झाडाची १०-१२ सेंटिमीटरची बगलफूट काढून कोकोपीटमध्ये खोचा. दहा-बारा दिवसांत मुळं धरते. एक प्रत रोगाच्या जाळीत, दुसरी स्वच्छ जाळीत. रोगट झाडाच्या फळाचा ब्रिक्स (रसातल्या विरघळलेल्या घटकांचं, मुख्यतः साखरेचं माप) मोजण्यात काही अर्थ नसतो, त्यामुळे फळाची पारख या दुसऱ्या प्रतीवरच करायची.

ती करताना दुसऱ्या-तिसऱ्या घोसातली पूर्ण लाल पाच फळं घ्या, रस एकत्र करा, रिफ्रॅक्टोमीटर (ब्रिक्स मोजायचं यंत्र) आधी डिस्टिल्ड पाण्यावर शून्याला आणा. झाडावर फळं किती होती तेही लिहा. कमी फळांच्या झाडाचा ब्रिक्स फुकटच वाढलेला दिसतो. टिकाऊपणा मात्र वहीत कळत नाही. पहाटे वाशीच्या एपीएमसीत जाऊन नारायणगावहून आलेल्या क्रेटच्या तळाचं फळ बघा. वरचा सगळा भार सोसून जे फुटलेलं नाही, ते आडवं कापलं की गराची भिंत जाड आणि कप्पे दोन-तीनच दिसतात. आपल्या फळात ती भिंत सहा मिलिमीटरच्या खाली असेल तर चव कितीही गोड असो, व्यापारी हात लावणार नाही.

जनुकं रचताना एक लक्षात ठेवा. मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींविरुद्धचं एमआय-१ आणि पर्णगुच्छाविरुद्धचं टीवाय-३ दोन्ही सहाव्या गुणसूत्रावर आहेत. एकाच गुणसूत्रावरची जनुकं सुटी-सुटी वाटली जात नाहीत, म्हणून ती दोन वेगळ्या पालकांतून आली तर एफ-२ मध्ये सोळात एक झाड मिळेल हा हिशेब इथे चालत नाही. संकरित वाणच करायचा असेल तर एक जनुक आईत आणि दुसरं बापात ठेवा, दोन्ही डॉमिनंट असल्याने काम भागतं. हा शॉर्टकट मला मान्य आहे. शिवाय एमआय-१ जमीन २८ अंशांच्या वर तापली की ढिलं पडतं, तेव्हा उन्हाळी प्लॉटमध्ये मुळांवर गाठी दिसल्या म्हणून लगेच लाईन फेकू नका.

उभं झाड एकाएकी हिरवंच कोमेजलं तर बोकड्याला दोष देऊ नका. कोकणात जिवाणूजन्य मर नेहमीची. खोडाचा तुकडा काचेच्या ग्लासातल्या पाण्यात टांगा. काही मिनिटांत पांढरी दोऱ्यासारखी धार खाली उतरली तर तीच. तसं झाड मुळासकट उपटून जाळा आणि चिमटा, कात्री स्पिरिटने पुसा.

बी काढताना गर आंबवायचे पुस्तकातले दोन-तीन दिवस विसरा, आपल्या उकाड्यात २४ तासांत गर आंबतो. जास्त ठेवलं तर बी काळवंडतं किंवा भांड्यातच मोड येतात. सावलीत वाळवा आणि जून उजाडायच्या आत सिलिका जेलसह हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा, पाकिटाच्या आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी टाकून.